बिनठिपक्याचा कुरव

मुलगी दाखवायच्या दिवशी तिचा चष्मा लपवणं ही आमच्या राजापूरकडे लबाडी समजली जात नसे. अंगण सारवणं, शेजारून कपबशा आणणं आणि चष्मा लपवणं ही एकाच यादीतली कामं होती. माझा चष्मा आईने तांदळाच्या डब्यात खुपसला, वरून दोन मुठी तांदूळ पसरले आणि मला म्हणाली, "जमिनीकडे बघून चाल. तसंही आज जमिनीकडेच बघायचं असतं."

चष्मा मला नववीपासून. तो काढला की हातभर अंतरापर्यंतचं जग जागच्या जागी असे आणि त्यापुढे सगळा धुरळा. पोह्यांच्या बशा घेऊन मी ओटीवर आले तेव्हा समोर चार पांढरे डाग आणि एक काळा डाग बसला होता. पांढऱ्यांपैकी कुठला डाग माझा नवरा होणार हे मी आवाजावरून ठरवलं. तो मुलाचा मामा निघाला, पण ते पुढे कळलं.

काळा डाग म्हणजे माझे सासरे. रत्नागिरीच्या कोर्टात शिरस्तेदार होते, नुकतेच निवृत्त झालेले, पण काळा कोट काही अंगावरून उतरला नव्हता. त्यांनी मला स्वयंपाक विचारला नाही, विणकाम विचारलं नाही. खिडकीकडे हात करून म्हणाले, "त्या माडाच्या शेंड्यावर काय बसलंय?"

मला शेंडा सोडाच, माडही दिसत नव्हता. आईचा श्वास अडकल्याचं मला ऐकू आलं. तेवढ्यात माडावरचा जो कोण होता तो ओरडला.

"कावळा," मी म्हटलं.

"किती?"

"एक." एकच ओरडला होता.

"नजर चांगली आहे," काळा डाग म्हणाला आणि पोहे खाऊ लागला. लग्न तिथेच ठरलं. चष्मा आहे का हे बघायची ही त्यांची रीत असावी, अशी सगळ्यांनी समजूत करून घेतली. पोरीने वेळ मारून नेली म्हणून आईने त्या कावळ्याला दुसऱ्या दिवशी दहीभात ठेवला.

रत्नागिरीला आले ती चष्मा ट्रंकेत, साड्यांच्या तळाशी घालून. नवऱ्याला आठव्या दिवशी कळलं, कारण मी त्याचा चहा लाजत लाजत त्याच्या चुलतभावाला नेऊन दिला. नवरा पोट धरून हसला. म्हणाला, "बाबांना मी सांगतो. पण दिवस बघून सांगायला हवं. खोटं म्हटलं की त्यांचं डोकं फिरतं." आणि दिवस न बघताच तो मुंबईला नोकरीवर परत गेला. तिथे एका खोलीत चौघं राहत. जागा मिळाली की मला नेणार होता. मग गणपतीला आला की म्हणे, शिमग्याला सांगतो. शिमग्याला आला की म्हणे, गणपतीला सांगतो. त्याला आजतागायत तो दिवस सापडलेला नाही.

घरात मी, सासूबाई आणि मामंजी, म्हणजे सासरे, अशी तिघंच. कोणाला संशय येण्याचं कारणही नव्हतं. ज्याला लांबचं दिसत नाही त्याला जवळचं फार चांगलं दिसतं. सासूबाईंना मी सुईत दोरा ओवून देई, तांदळातला खडा टिपून काढी, पायात गेलेला काटा पहिल्या झटक्यात उपटी. महिन्याभरात आळीत बोलबाला झाला, की अमक्यांच्या सुनेची नजर घारीची आहे. अशी कीर्ती एकदा झाली की माणूस तिच्या कह्यात जातो. मी गेले.

कार्तिक लागला तेव्हा मामंजींनी मला माझी खरी नेमणूक सांगितली.

भाट्याच्या खाडीच्या तोंडाशी वाळूचा एक दांडा आहे. थंडी सुरू झाली की उत्तरेकडून हजारो मैल उडून कुरवांचे थवे तिथे उतरतात आणि होळीनंतर परत जातात. मच्छीचे तुकडे खाणारे, पांढरे, कलकलाट करणारे पक्षी. गावाच्या लेखी ती नुसती पाखरं. पण मामंजींनी निवृत्तीनंतर त्यांचा खटला चालवायला घेतला होता. थंडीतल्या कुरवाच्या डोळ्यामागे एक काळा ठिपका असतो, बाळाला दृष्ट लागू नये म्हणून तीट लावतात तसा. दांड्यावर बसलेल्या प्रत्येकाला असतो. पण एक जात अशी आहे की तिला तो ठिपका नसतो. चोच लांब, मान लांब, डोळा फिकट, पोटावर किंचित गुलाबी झाक. ती जात आपल्याकडे येत नाही, असं पुस्तकं म्हणत होती. मामंजी म्हणत होते, येते. त्यांनी एका थंडीत थव्यामध्ये असा एकच पक्षी पाहिला होता, चांगला पाऊण तास.

त्यांनी मुंबईच्या पक्षी अभ्यासकांच्या एका मंडळाला कार्ड टाकलं. उत्तर आलं, दोन ओळींचं. आपल्या भागात या पक्ष्याची नोंद नाही. आणखी कोणी पाहिला असल्यास कळवावे.

दुसरा कोणी असता तर चिडला असता. मामंजींना उत्तर मान्य होतं. "बरोबर आहे त्यांचं," ते मला म्हणाले. "एकट्याच्या साक्षीवर मीसुद्धा विश्वास ठेवला नसता. कोर्टात तीस वर्षं काय बघितलं मी? दुसरा साक्षीदार हवा. स्वतः बघणारा. ऐकीव चालत नाही."

दुसरा साक्षीदार त्यांनी बराच शोधला होता. मुलाला कुरव आणि कोंबडी यातला फरक फक्त रश्श्यात कळे. शेजारचे निवृत्त तार मास्तर एकदा आले होते, ते अर्ध्या तासात म्हणाले, "अहो, या पाखरांना ठिपका असला काय नसला काय, तुमचं पेन्शन वाढणार आहे का?" सासूबाईंना विचारून उपयोग नव्हता, कारण त्या मामंजींच्या बऱ्याचशा प्रश्नांना उत्तरच देत नसत. मामंजी पाटावर बसून बोलत, सासूबाई उजव्या हाताला बसून वाढत आणि शांतपणे पुढची भाकरी टाकत. घरात याला मान राखणं म्हणत.

तेव्हा मामंजींनी ठरवलं की मुलाला बायको करायचीच आहे, तर ती बघणारी करावी. सुनेची निवड माणसं नाना कारणांनी करतात. माझी साक्षीदार म्हणून झाली.

तर आठवड्यातून चार दिवस सकाळी मी आणि मामंजी एसटीने भाट्याला उतरू लागलो. सुरूच्या बनातून चालत खाडीच्या तोंडाशी जायचं आणि वाळूत बसायचं. मामंजींच्या गळ्यात कस्टमच्या लिलावातली दुर्बीण. तिचं चाक खाऱ्या हवेने गंजून एका जागी घट्ट झालं होतं, नेमकं धड डोळ्यांना बसेल अशा जागी. मी ती लावली की धुरळा मोठा होऊन जवळ येई, एवढंच. माझ्या मांडीवर नोंदवही. लिहायचं काम माझंच, कारण माझं अक्षर चांगलं आणि जवळचं दिसतं. वहीत रकाने आखलेले: तारीख, वारा, भरती की ओहोटी, संख्या, ठिपका, साक्षीदार.

"डावीकडून सुरू कर," मामंजी म्हणत. "एकेक बघ. घाई नाही. ठिपका आहे?"

आता माझी पंचाईत बघा. पक्षी शोधायचा तो ठिपका नसलेला. आणि मला तर दांड्यावरच्या एकाही कुरवाला ठिपका दिसत नव्हता. चोच दिसत नव्हती, डोळा दिसत नव्हता. समोर कोणीतरी पिंजलेला कापूस वाळत घातला होता, तो मधूनच उडे आणि पुन्हा बसे. खरी साक्ष द्यायची तर म्हणायला हवं होतं, मामंजी, सगळेच्या सगळे तुमचेच आहेत.

"आहे," मी म्हणे. "ठिपका आहे."

"पुढचा?"

"आहे."

अशी मी दोन हिवाळे साक्ष दिली. संख्येच्या रकान्यात मी अंदाज ठोकून देई, दोनशे दहा, एकशे नव्वद. गोल आकडा टाळायचा हे कोणी न शिकवता मला जमलं. परतताना मामंजी म्हणत, "नाही तर नाही. नसल्याचीही नोंद लागते." नसल्याची नोंद ते जपून ठेवत. समोरून तार मास्तर फिरून येताना भेटत आणि विचारत, "काय शिरस्तेदार, हजर झाला का तुमचा आरोपी?" मामंजी म्हणत, "समन्स बजावलंय."

तुम्ही विचाराल, सांगून का टाकलं नाहीस? दर सकाळी सुरूच्या बनात मी ठरवत असे, आज सांगायचं. पण "फसवून दिली" हा शब्द त्या काळी बाई मेल्याशिवाय पुसला जात नसे, आणि तो माझ्या बापाला लागला असता. तो गावचा शाळामास्तर. शिवाय मामंजी भेटेल त्याला सांगत, सूनबाईसारखी नजर बघितली नाही. त्यांचं हे बोलणं मला आवडू लागलं होतं, हेही खरं. आमच्या घरी माझ्या कुठल्याच गोष्टीचं कोणी असं कौतुक केलं नव्हतं. पहिलंच कौतुक झालं ते नेमकं जे माझ्याकडे नव्हतं त्याचं.

तिकडे मामंजींची नजर उतरत होती. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. डॉक्टर म्हणाले, पिकू दे, मग काढू. रत्नागिरीच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. आंबाही तयार व्हायच्या आत उतरवला तर पेटीत सुरकुततो. पहिल्या हिवाळ्यात मामंजींना थवा, त्यातले मोठे-लहान पक्षी, चोचीची लांबी एवढं दिसत होतं. बारीक ठिपका तेवढा हुलकावणी द्यायचा. नेमका पक्षी मी दाखवला असता तर त्यांनी तो ओळखला असता. दुसऱ्या हिवाळ्यात थवा दिसे, पक्षी दिसत नसे. तिसऱ्या हिवाळ्याच्या तोंडावर डॉक्टर म्हणाले, पिकला, दिवाळीनंतर काढू. मामंजी म्हणाले, दिवाळीनंतर पाखरं येतात, होळी झाल्यावर काढा. ऑपरेशन म्हणजे महिनाभर पट्टी बांधून घरात बसणं. एक हिवाळा वाया घालवायला ते तयार नव्हते.

"आणि तसं अडतंय कुठे?" ते एसटीत मला म्हणाले. "माझे डोळे राहिले काय आणि गेले काय, तुझे आहेत ना."

एवढं सहज बोलले आणि खिडकीतून बाहेर बघू लागले, जिथे त्यांना काही दिसत नव्हतं. मला रडू आलं. मी ते पदराने टिपलं आणि डोळ्यांत धूळ गेली म्हणाले. डोळ्यांच्या बाबतीत आता मी सराईत झाले होते.

त्या रात्रीच्या जेवणानंतर मी ट्रंक उघडली. चष्म्याची एक काडी सैल झाली होती, ती दोऱ्याने बांधली. दुसऱ्या दिवशी चष्मा रुमालात गुंडाळून कमरेला खोचला आणि भाट्याला गेले. बेत असा होता की मामंजींना वाळूत बसवायचं, दुर्बीण घेऊन आपण दहा पावलं पुढे जायचं आणि चष्मा लावायचा. दहा पावलांवरची सून त्यांना आता दिसणारच नव्हती. त्यांच्या आंधळेपणाच्या आडोशाने मी डोळस होणार होते.

चष्मा लावला आणि मी उभी राहिले. तीन हिवाळे या जागी येत होते, पण ही जागा मी बघितलीच नव्हती. पाण्यावरच्या लाटा वेगळ्या वेगळ्या होत्या. पलीकडे मांडवीचा धक्का होता आणि त्यावर माणसं होती. आणि दांड्यावर कुरव, एकेक सुटा, पंख चोचीने सारखे करणारा, शेजाऱ्याला टोचणारा, एका पायावर झोपलेला. मी मामंजींची दुर्बीण लावली. प्रत्येकाच्या डोळ्यामागे काळा ठिपका. म्हणजे मी दोन वर्षं खरं बोलत आले होते तर. न बघता बोलले एवढंच. मला केवढं हायसं वाटलं.

डावीकडून सुरू केलं. आहे. आहे. आहे. त्यांच्या पद्धतीने, घाई न करता. दांड्याच्या मधोमध एक मोडकी होडी पालथी पडली होती, तिच्यापर्यंत आले. होडीच्या अलीकडे तिसरा पक्षी.

ठिपका नव्हता.

मी दुर्बीण काढली, चष्मा पुसला, पुन्हा लावली. डोकं पांढरं स्वच्छ. चोच इतरांपेक्षा लांब. मान ताणून तो इकडे तिकडे बघत होता, तोऱ्यात, नव्या जावयासारखा. पोटावर अगदी फिकट गुलाबी.

"मामंजी!" मी ओरडले. "आहे! म्हणजे नाही! ठिपका नाही!"

ते उठून माझ्याकडे आले. वाळूत दोनदा अडखळले. मी दुर्बीण त्यांच्या हातात दिली, खांदे धरून होडीच्या दिशेला वळवलं. आम्ही सासरा-सून आहोत याचं भान दोघांनाही नव्हतं. त्यांनी दुर्बीण डोळ्याला लावली. बराच वेळ.

"पांढरं दिसतंय," ते म्हणाले. "सगळं पांढरंच दिसतंय." मग दुर्बीण मला परत देऊन शिरस्तेदाराच्या आवाजात म्हणाले, "सांग. चोच?"

"लांब. गडद, लालसर."

"कपाळ?"

"उतरतं."

"डोळा?"

"फिकट. पिवळट पांढरा."

ते थांबले. "तू आजवर कुठल्याच पाखराच्या डोळ्याचा रंग सांगितला नाहीस."

त्याच वेळी वाळूवरून मच्छीची पाटी घेऊन एक म्हातारी चालली होती. आम्हाला रोज बघायची. ती वाकून माझ्या तोंडाकडे बघत म्हणाली, "काय गो सूनबाय, चष्मा कदी लागला तुला? बरी दिसतंस हां." आणि पुढे निघून गेली. साक्षीदार असा असावा. आला, पाहिलं ते बोलला, गेला.

मामंजींनी समुद्राकडे तोंड वळवलं.

"कधीपासून आहे?"

"नववीपासून."

"म्हणजे त्या माडावरचा कावळा—"

"तो ओरडला होता, मामंजी."

"आणि हे ठिपके?"

"दिसत नव्हते. एकाचाही नाही."

त्यांनी हिशोब मांडलेला मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसला. चष्मा होता म्हणून दिसला. "मग हा गेल्या वर्षीही येऊन गेला असेल," ते हळू म्हणाले. "त्याच्याही आधीच्या वर्षी. तेव्हा मला थोडं दिसत होतं."

ते रागावले असते तर मी सोसलं असतं. पण ते रागावले नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, "अजून आहे का तिथे?" मी म्हटलं, आहे. "मग बघ. आणखी थोडा वेळ बघ. कोणीतरी बघायला हवा." तो पक्षी उडून जाईपर्यंत मी बघत राहिले आणि मामंजी माझ्या शेजारी बसून राहिले.

घरी आल्यावर त्यांनी वही काढायला सांगितली. लिहिणार मीच. त्यांनी सांगितलं आणि मी लिहिलं, माझ्या चांगल्या अक्षरात: "पहिल्या पानापासून कालच्या तारखेपर्यंतच्या सर्व नोंदी रद्द. कारण, साक्षीदाराची नजर अधू, व ही गोष्ट साक्षीदाराने लपवून ठेवली." आरोपपत्र स्वतःच्या हाताने लिहून घेण्याची ही शिक्षा मी दुसरीकडे कुठे ऐकली नाही. मग आजची नोंद. कुरव, एक. ठिपका नाही. चोच, कपाळ, डोळा. साक्षीदाराच्या रकान्याशी ते अडले.

"लिही, सूनबाई. चष्म्यासह."

"कार्ड टाकायचं ना मुंबईला?" मी विचारलं.

"नाही. दोन वर्षं खोटी साक्ष देणारा माणूस तिसऱ्या वर्षी खरं बोलला, असं कुठल्या तोंडाने लिहू? समोरच्या वकिलाने तुला पाच मिनिटांत उभी फाडली असती." मग आवाज चढला, पहिल्यांदाच. "चष्मा आहे एवढंच सांगायचं होतं! या घरात इतकं खोटं कधी कोणी बोललेलं नाही!"

सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या होत्या. पदराला हात पुसत म्हणाल्या, "मला डाव्या कानाने ऐकू येत नाही हो."

"काय?"

"लहानपणी कान फुटला तेव्हापासून. तुम्ही बघायला आलात तेव्हा माझ्या आईने मला मुद्दाम भिंतीशी बसवलं होतं, डावा कान भिंतीकडे करून. मागाहून सांगू म्हणाली. तेवढं राहून गेलं."

इतकी वर्षं मामंजी जेवताना त्यांच्या डावीकडे बसून बोलत आले होते. "म्हणजे मी आजवर जे बोललो ते..."

"निम्मं ऐकलं," सासूबाई म्हणाल्या. "निम्म्यावर भागलं की नाही? त्या पोरीला आता जेवू द्या."

तिसऱ्या दिवशी मामंजींनी पाट उचलून सासूबाईंच्या उजव्या अंगाला मांडला. सासूबाईंना ते फारसं आवडलं नाही असं माझं मत आहे. होळीची वाट न बघता मामंजींनी एका डोळ्याचं ऑपरेशन करून घेतलं आणि आंब्याचा हंगाम संपल्यावर दुसऱ्याचं. "साक्षीदार मिळत नाही," त्यांनी डॉक्टरांना सांगितलं, "आता फिर्यादीनेच बघायला हवं." डॉक्टरांना त्यातलं काय कळलं देव जाणे.

पुढच्या हिवाळ्यात आम्ही दोघं पुन्हा भाट्याला बसलो. त्यांच्या नाकावर बाटलीच्या बुडाएवढा जाड चष्मा, माझ्या नाकावर माझा, आता उघडपणे. तार मास्तर म्हणाले, "शिरस्तेदार, आता चार-चार डोळे झाले." पण पक्षी काही येईना. कार्तिक गेला, मार्गशीर्ष गेला. मामंजी स्वतः बघत आणि मी वेगळं बघत असे. एकमेकांना विचारायचं नाही असा त्यांचा नियम होता, साक्षी वेगवेगळ्या नोंदवाव्यात म्हणून.

पौषातल्या एका सकाळी ते एकदम ताठ बसले. "होडीच्या पलीकडे," म्हणाले. "एकटा बसलाय तो. बघ. मला ठिपका दिसत नाही."

त्यांचा आवाज असा कधी ऐकला नव्हता मी. नियम मोडून ते माझ्याकडे बघत होते. मी दुर्बीण लावली. पक्षी एकटा होता, मान जरा ताणलेली, ऊन समोरून. आणि डोळ्यामागे ठिपका होता. अगदी पुसट, धुऊन गेलेल्या काजळासारखा, पण होता. चोचही आखूड.

मी एक शब्द बोलले असते तर त्या माणसाचं आयुष्याचं काम झालं असतं. मी त्यांचे दोन हिवाळे खाल्ले होते, त्याची भरपाई समोर वाळूत बसली होती. एवढं खोटं मी आधी फुकट बोलले होते. हे तर त्यांच्यासाठी झालं असतं. मला मनापासून बोलायचं होतं.

"आहे, मामंजी," मी म्हटलं. "ठिपका आहे."

"नक्की?"

"नक्की. पुसट आहे. पण आहे."

त्यांनी पुन्हा दुर्बीण लावली, खूप वेळ बघितलं. मग ती खाली ठेवली. तो ठिपका त्यांना खरंच दिसला नव्हता की ते मला तपासत होते, हे मी त्यांना कधी विचारलं नाही.

"लिही," ते म्हणाले. "आज नाही."

मी लिहिलं. वही मिटणार तेवढ्यात त्यांनी कोटाच्या खिशातून एक कोरं पोस्टकार्ड काढलं. खिशात बरेच दिवस असावं, कोपरे मऊ झाले होते. ते माझ्या मांडीवरच्या वहीवर ठेवून म्हणाले, "आता गेल्या वर्षीची नोंद यावर उतरव. तारीख, वारा, चोच, कपाळ, डोळा. सगळं."

मी उतरवलं. पत्ता घातला. ते उठून कोटाची वाळू झटकत होते.

"खाली एक ओळ राहिली," ते म्हणाले. "लिही, साक्षीदार तपासली. खरी आहे."

मी ती ओळही लिहिली. तेवढीच जरा वाकडी आली.